देवांची प्रीती आणि माणसांचा गुन्हा

खंडोबाच्या दोन बायकांची कथा महाराष्ट्राला नव्याने सांगण्याचे कारण नव्हते. वाघ्या-मुरळीच्या जागरणात, धनगरांच्या ओव्यांत, लग्नानंतर घातल्या जाणाऱ्या गोंधळ-जागरणाच्या रात्री ती शतकानुशतके गायिली गेली आहे. तरीही २०१४च्या मे महिन्यात एका मराठी वाहिनीवर ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि जवळजवळ तीन वर्षे, २०१७च्या एप्रिलपर्यंत, संध्याकाळचे सात वाजले की या प्रांतातील लक्षावधी घरांतील कामे थांबत राहिली. शेतमजूर बाई आणि तिच्या मालकाची सून एकाच वेळी एकच गोष्ट पाहत होत्या. म्हाळसेचे दागिने बाजारात आले, गणेशोत्सवात गणपतीने मल्हारीचे रूप घेतले. जे माध्यम एवढ्या मोठ्या जनसमूहाच्या मनात रोज अर्धा तास जाऊन बसते, ते प्रेमाविषयी काय सांगते हा प्रश्न करमणुकीच्या पानावर सोडून देण्याइतका किरकोळ नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी मात्र तो तसाच सोडून दिला आहे. ‘देवाधर्माच्या मालिका’ असे म्हणून नाक मुरडले की आपले काम संपले, अशी समजूत अनेक कार्यकर्त्यांच्या मनात घर करून बसली आहे.

मुळात ही कथा काय आहे? नेवाशाची म्हाळसा ही लिंगायत वाण्याची लेक. पालीला तिचे देवाशी लग्न लागले. पुढे सारीपाटाच्या डावात देव हरला आणि बारा वर्षांचे घर सोडणे त्याच्या वाट्याला आले. तो गेला चंदनपुरीला, धनगराच्या वाड्यावर. तेथे त्याने ओळख लपवून चाकरी धरली. मेंढरे राखली, धुतली, शेणलेंडी काढली, धन्याची बोलणी खाल्ली. का, तर त्या घरच्या बाणाईवर त्याचे मन जडले होते. पुढे मेंढरे मरतात, देव ती उठवतो, लग्न होते, आणि सोन्याच्या जेजुरीचा राजा धनगराच्या लेकीला घेऊन गडाकडे निघतो. तपशिलांत गावोगावी फरक आढळतो. पण गाभा सगळीकडे एकच आहे. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९६१ साली ‘खंडोबा’ हा ग्रंथ लिहिला, जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षे हिंडले. दोघांनाही या कथेत महाराष्ट्राच्या समाजरचनेचा एक मोठा दस्तऐवज दिसला. परंपरा खंडोबाला पाच बायका सांगते. वाण्याची म्हाळसा, धनगराची बाणाई, शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई आणि तेल्याची चंदाई. या चंदाईला काही ठिकाणी मुसलमान मानतात. देवाचा संसार म्हणजे पाच जातींनी एका देवाशी जोडलेली सोयरीक आहे.

या सोयरिकीत समता होती असे मात्र कुणी म्हणू नये. पाच बायकांच्या संसाराला आदर्श मानण्याचे कारण नाही. शिवाय म्हाळसा आणि बाणाई यांच्या भांडणाची जी गाणी जागरणात म्हणतात, त्यांत सवतीमत्सर आहे आणि त्याच्या आत जात आहे. म्हाळसा बाणाईचा उद्धार करते तो तिच्या अंगाला येणाऱ्या मेंढरांच्या वासावरून, तिच्या खाण्यापिण्यावरून, तिच्या रानटी राहणीवरून. बाणाईही गप्प बसत नाही. तीही वाणिणीच्या नाजूकपणाचे वाभाडे काढते. गाभाऱ्यात देवाजवळ म्हाळसा आहे, आणि बाणाईचे देऊळ गडाच्या पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर लागते. देवाने लग्न केले तरी गावाने घर वेगळेच ठेवले. लोककथा ही गोष्ट लपवीत नाही. ती प्रेमही सांगते आणि त्या प्रेमाला जातीने कोठे अडविले तेही सांगते. ऐकणारा धनगर आणि ऐकणारा वाणी दोघेही त्या गाण्याला हसतात. पण दोघेही आपापल्या जागी थोडे अस्वस्थ होतात.

मालिकेने या कथेचे काय केले? तिने बाणाईचे धनगरपण लपविले नाही, हे मान्य केले पाहिजे. तिच्या तोंडी रांगडी बोली ठेवली, वाड्यावरचे जिणे दाखविले. नटमंडळींनी कामे मन लावून केली. तरीही महिन्यांमागून महिने कथानक जसजसे ताणले गेले तसतशी जात मागे पडत गेली आणि सवतींचा रुसवा-फुगवा तेवढा पुढे उरला. ज्या भांडणाचे मूळ समाजाच्या उतरंडीत आहे ते दोन बायकांच्या हळव्या स्वभावाचे भांडण ठरले, आणि देव बिचारा दोघींच्या कात्रीत सापडलेला सोशिक नवरा ठरला. शेजारच्या कौटुंबिक मालिकांत सासू, सून आणि नवरा यांचा जो संसार चालू असतो, तोच येथे पीतांबर नेसून आला.

याहून मोठा फरक एका शब्दात आहे: विधिलिखित. दूरचित्रवाणीवरील दैवी प्रेम कधीही निवडीतून जन्माला येत नाही. ते आधीच ठरलेले असते. पूर्वजन्मीचा वर, कुणाचा शाप, स्वर्गातील एखादे वचन, असे काही तरी कारण पहिल्याच भागात सांगितले जाते आणि मग पृथ्वीवरील प्रेमिक केवळ त्या करारनाम्याची पूर्तता करीत राहतात. पुराणांत हे वर-शाप आहेतच. मालिकांनी ते शोधून काढलेले नाहीत. पण लोकगीताने ते एका बाजूला ठेवून देवाला बारा वर्षे मेंढरांमागे फिरविले. प्रेमासाठी त्याला राबावे लागले. आपले नाव, आपले राज्य, आपली जात बाहेर ठेवून परक्या वाड्यात सालदार म्हणून राहावे लागले. या राबण्यात जो अर्थ आहे तो विधिलिखिताच्या खुलाशाने पुसला जातो. देवाने धनगराच्या मुलीशी लग्न केले ते ती आधीच देवलोकीची होती म्हणून, असे एकदा सांगितले की ती धनगर उरत नाही, आणि ओलांडण्यासारखी रेघही उरत नाही. प्रेक्षकाला डोळे पुसता येतात. घरी आपल्या मुलीला मात्र काहीही सांगावे लागत नाही.

ही रीत आजची नाही. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८पर्यंत दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडीत राहिले. अग्निपरीक्षेच्या प्रसंगी त्या मालिकेने तुलसीदासांच्या परंपरेतील छायासीतेचा आधार घेतला. रावणाने नेली ती सीतेची सावली, खरी सीता अग्नीकडे ठेव म्हणून होती आणि परीक्षा ही केवळ ठेव परत घेण्याची रीत होती, असा तो खुलासा. त्यामुळे रामाचे प्रेम निर्दोष राहिले आणि सीतेला विचारावा असा प्रश्नच राहिला नाही. मालिका राज्याभिषेकाशी संपविण्यात आली. त्यानंतर जे घडले ते श्रमिकांच्या चळवळीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी १९८८ साली संप केला. मागणी वेतनवाढीची नव्हती. वाल्मीकींना आपला गुरू मानणाऱ्या त्या कामगारांना रामायणाचा उरलेला भाग, वाल्मीकींच्या आश्रमातील सीतेची आणि लवकुशांची कथा, पडद्यावर पाहिजे होती. सरकारने मागणी मानली आणि उत्तर रामायण दाखविले गेले. टाकून दिलेल्या सीतेची कथा संपूर्ण देशाने पाहिली ती झाडू खाली ठेवणाऱ्या माणसांच्या हट्टामुळे. त्या संपाची थट्टा करणारे विद्वान त्या वेळी होते, आजही असतील. पण ही माणसे कथेत आपली जागा मागत होती, आणि ती जागा गोड शेवटानंतरच्या भागात होती.

याच मालिकेतील सीता आणि रावण १९९१च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे खासदार होऊन लोकसभेत गेले, आणि पुढे १९९६ साली ‘महाभारता’तील श्रीकृष्णही जमशेदपूरहून त्याच पक्षातर्फे निवडून आला. पडद्यावरची भक्ती मतपेटीत कशी उतरते याविषयी तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आहे. २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, तेच ‘रामायण’ पुन्हा लावण्यात आले. त्याच सुमारास शहरांतून हाकलले गेलेले मजूर चालत आपापल्या गावी निघाले होते. या राजकारणाची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. मतांपेक्षाही खोल जाणारी गोष्ट ही की, प्रेम म्हणजे काय, कुणी कुणावर करावे, त्याला कुणाची संमती लागते, याचे संस्कार घराघरांत याच पडद्याने घडविले.

वास्तविक हिंदू पुराणे या बाबतीत फारशी आज्ञाधारक नाहीत. सती बापाचा विरोध मोडून स्मशानात राहणाऱ्या, जटाधारी, कुळगोत्र नसलेल्या वराला वरते. दक्षाच्या यज्ञाची कथा ही जावयाच्या जातकुळीवरून लेकीचा अपमान करणाऱ्या बापाचीच कथा आहे. रुक्मिणी भावाने ठरविलेले लग्न नाकारून कृष्णाला निरोप धाडते. सुभद्रेचे हरण तिच्या धाकट्या भावाच्याच सल्ल्याने होते आणि थोरला संतापतो. आजच्या पोलीस ठाण्याच्या भाषेत सांगायचे तर पुराणांतील अर्ध्या देवतांवर पळवून नेल्याचे गुन्हे दाखल होतील. २०११ ते २०१४ या काळात हिंदी वाहिनीवर ‘देवों के देव... महादेव’ ही मालिका चालली आणि सती-शिवाचे प्रेम तिने फार आर्ततेने दाखविले, यात शंका नाही. पण तेथेही दक्ष हा एक अहंकारी, दुष्ट मनुष्य म्हणूनच उभा राहिला. बापाचा अहंकार हा त्याच्या स्वभावाचा दोष ठरला. ज्या व्यवस्थेत लेकीच्या लग्नावर बापाची इज्जत टांगलेली असते त्या व्यवस्थेला कुणी बोट लावले नाही. २०१८पासून चाललेल्या ‘राधाकृष्ण’ मालिकेने तर प्रेम आणि मोह यांतील भेदाची प्रवचनेच रोज ऐकविली. गोकुळातील गवळण, जिने लोकलाज सोडली म्हणून संतांनी आणि शाहिरांनी तिला डोक्यावर घेतले, ती पडद्यावर त्यागाचे धडे देत राहिली. प्रेम जितके दैवी तितके ते त्याग करणारे, आणि त्याग बहुधा बाईचा, हे सूत्र वाहिन्यांना मानवणारे आहे. त्यामुळे प्रायोजकाला धोका नाही आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही नाही.

आता पडद्याबाहेर पाहावे. ‘जय मल्हार’ सुरू होण्याला महिनाही नव्हता तेव्हा, २८ एप्रिल २०१४ रोजी, अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला टांगण्यात आले. गावातील प्रबळ जातीच्या मुलीशी तो बोलत असे, एवढाच त्याचा अपराध सांगितला गेला. २०१७च्या नोव्हेंबरात, मालिका संपून काही महिने झाले होते, सत्र न्यायालयाने खटला चाललेल्या नऊही आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार उलटले होते. त्याच्या आधी, १ जानेवारी २०१३ रोजी, त्याच जिल्ह्यात सोनई येथे सफाईचे काम करणाऱ्या तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. त्यांतील एकाचे प्रबळ जातीच्या मुलीवर प्रेम होते. २०१८च्या जानेवारीत नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवून फाशी सुनावली. सोनई नेवासे तालुक्यात आहे. म्हाळसेचे माहेर ते नेवासे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे कुणी समजू नये. मालिका पाहून कुणी खून केला नाही, आणि मालिका वेगळी असती तर तो मुलगा वाचला असता असेही नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्या भूमीचा कुलदेव जात ओलांडून धनगराच्या दारी राबला, तिथली माणसे त्याच्या नावाने भंडारा उधळतात आणि त्याच्याच वाटेने गेलेल्या पोरांना मारतात, हे जमते कसे? ते जमते, कारण देवाची प्रीती ही देवापुरती असे मनात पक्के बसलेले असते. देवाला सारे शोभते, ती लीला. माणसाने केले तर तो कलंक. देव आणि माणूस यांच्यामधील ही भिंत जुनीच आहे. जागरणातील वाघ्या आपल्या विनोदाने, आपल्या ग्राम्य सवाल-जवाबांनी तिला भोके पाडीत असे. त्याचा देव हरणारा, चाकरी करणारा, बायकोचा मार चुकविणारा होता. दूरचित्रवाणीने त्या भिंतीला गिलावा केला आणि रंग दिला. तिचा देव पिळदार आहे, तेजस्वी आहे, पार्श्वसंगीताशिवाय पाऊल टाकीत नाही. त्याची पूजा करता येते, त्याचे अनुकरण करण्याचा विचार मनात येत नाही.

येथे काही मित्र म्हणतील की देवांच्या गोष्टींचे हे चर्वितचर्वण समाजवाद्यांनी करावेच कशाला; शिक्षण वाढेल, उद्योग येतील, तेव्हा या गोष्टी आपोआप मागे पडतील. गेल्या चाळीस वर्षांत शिक्षणही वाढले आणि उद्योगही आले. देवांच्या मालिका मात्र रंगीत होऊन घरात आल्या. डॉ. राममनोहर लोहियांनी राम, कृष्ण आणि शिव यांच्यावर निबंध लिहिला, सावित्रीपेक्षा द्रौपदीला थोर मानले, रामायण मेळ्याची कल्पना मांडली. ही माणसे देवभोळी नव्हती. या देशातील सामान्य मनुष्य न्याय-अन्यायाचा, प्रेमाचा, मर्यादेचा विचार याच कथांच्या भाषेत करतो, आणि ती भाषा सोडून दिली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात जाते, हे त्यांना दिसत होते. आंतरजातीय विवाह ही सरकारी नोकरीतील भरतीची एक अट असावी, असे सुचविणारेही लोहियाच होते. सूचना अव्यवहार्य होती असे म्हणता येईल. पण प्रेम आणि जात यांचा संबंध त्यांनी जेवढा उघडपणे राजकारणात आणला तेवढा नंतर फार थोड्यांनी आणला.

दैवी प्रेमाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी तीन वर्षे चाललेल्या त्या कथेला बोलण्यासारखे पुष्कळ होते. खंडोबाला मुली वाहण्याची चाल या महाराष्ट्रात होती. देवाशी लग्न लागलेल्या त्या मुरळ्या बहुतांशी दलित आणि गरीब घरच्या असत. देवाची बायको म्हणजे गावात कुणाचीही, असा त्या लग्नाचा अर्थ गावच्या सबळांनी लावला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘सोमवंशीय मित्र’ काढून या प्रथेविरुद्ध लेखणी उचलली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही ते काम हाती घेतले. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली, आणि महाराष्ट्राने आपला नवा कायदा केला तो २००५ साली. अभ्यासाविना भक्ती सांगणाऱ्या माध्यमाला देवाच्या या बायका दिसत नाहीत. देवाच्या लाडक्या राणीचा शालू दाखविताना त्याच देवाच्या नावाने उघड्यावर पडलेल्या पोरींचे काय झाले हे विचारणे, म्हणजे कुणाच्या श्रद्धेचा अपमान करणे नव्हे. श्रद्धा असलेल्यांनीच तो प्रश्न आधी विचारायला हवा होता. लोकगीत देवाला चाकर करते, आणि रूढी देवाच्या नावाने मुलीला चाकर करते. यांतील कोणती परंपरा आपली, हे ठरविण्याचा अधिकार वाहिनीच्या मालकांना कुणी दिलेला नाही.

सरकारचा कल कोणीकडे आहे ते २०२२च्या डिसेंबरात दिसले. राज्य शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्या स्त्रियांची व त्यांच्या माहेरच्यांची माहिती घेणारी एक समन्वय समिती नेमली. ओरड होताच दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळण्यात आला. आंतरधर्मीय विवाह तेवढे देखरेखीखाली राहिले. एकीकडे तेच शासन आंतरजातीय विवाहासाठी अनुदान देते, आणि सज्ञान मुलीने कुणाशी लग्न केले याची चौकशी करण्यासाठीही कागद काढते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला घरच्यांच्या किंवा जातपंचायतीच्या संमतीची गरज नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित घरे उभारण्याचा राज्यांनी विचार करावा, पोलिसांचे खास कक्ष असावेत, असेही सांगितले. आपल्या जिल्ह्यात असे घर आहे काय, त्याचा पत्ता कोणता, त्याची किल्ली कुणाकडे असते, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

विशेष विवाह कायदा १९५४चा. त्या कायद्याखाली लग्न करावयाचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. खर्डा आणि सोनई ज्या मुलखात घडते त्या मुलखात हे तीस दिवस म्हणजे काय असते, याची कल्पना शहरात बसून येत नाही. नोटिशीची ही अट काढून टाकावी ही मागणी पक्षाच्या प्रत्येक तालुका समितीने ठरावाने करावी. अट निघेपर्यंत ते तीस दिवस जोडप्याला राहण्यास जागा देणे, पोलीस ठाण्यात सोबत जाणे, नोंदणीच्या दिवशी तीन साक्षीदार उभे करणे, ही कामे कुणीतरी केलीच पाहिजेत. तीन साक्षीदार मिळत नाहीत म्हणून पुढे ढकललेली लग्ने या राज्यात थोडी नाहीत.

आणि जागरणे अजून होतात. चंपाषष्ठीला, लग्नानंतर, नवस फेडताना गावोगाव वाघ्या येतो, दिवटी पेटते, कोटंबा पुढे येतो. पूर्वीच्या कार्यकर्त्यांना कलापथकाचे महत्त्व ठाऊक होते; सेवादलाच्या पथकांनी तमाशाचा आणि पोवाड्याचा बाज उचलून अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता. आज बाणाईची गाणी येणारे म्हातारे वाघे जेजुरी, पाली, चंदनपुरीच्या परिसरात आहेत. त्यांच्या गाण्यांत देव अजूनही मेंढरे धुतो आणि धन्याच्या शिव्या खातो. ती गाणी त्यांच्याकडून शिकून घेतली, तर धनगरवाड्यावर आणि वाण्याच्या ओसरीवर एकाच रात्री म्हणता येतील. आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर का, हे त्या रात्री बसलेल्या पोरापोरींनाच विचारता येईल.